साडेत्रेसष्टातच खेळ

पुणे

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत 60 किलोच्या गटात उतरायचं म्हणालास. आई शेजारी होती, म्हणून तेव्हा बोललो नाही.

तुझं अंगचं वजन पासष्टच्या आसपास. पुरुषांच्या लो-किकमध्ये, म्हणजे मांडीवरही लाथ चालते त्या तुझ्या प्रकारात, 60 च्या वरचा गट 63.5 चा. तिथं तू थोडं जपून, पण जेवून-खाऊन बसतोस. साठासाठी शेवटी अंगातलं पाणीच काढावं लागेल. मागं घरी आलास तेव्हा भर उन्हात रेनकोट घालून पर्वतीच्या पायऱ्या चढत होतास. रात्री आईनं वाढलेली भाकरी अर्धी मोडून डब्यात परत ठेवलीस. ओठांना भेगा पडल्या होत्या. ताईनं नुसता चार्जर मागितला, तर तिच्यावर खेकसलास. एरवी तू असा नाहीस रे.

मी तालमीत वाढलोय, वजन तोडणं मला नवं नाही. पण कुस्तीत डोक्यावर ठोसे बसत नाहीत, तुमच्यात बसतात. अंगात पाणी कमी असताना डोक्याला बसलेला मार जास्त घातक ठरू शकतो, हेडगार्ड असला तरी. आणि कुस्तीत तरी काय कमी झालंय? 1997 मध्ये अमेरिकेत सव्वा महिन्याच्या आत कॉलेजचे तीन मल्ल वजन तोडताना गेले. पॅरिसला 2024 मध्ये आपली विनेश फोगाट आदल्या दिवशी जपानच्या सुसाकीला हरवून पुढे फायनलला गेली, आणि सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले म्हणून अपात्र ठरली. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

आता तुझ्या खेळाचं. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत तू समोरच्याची मांडी फोडून काढतोस. मग तो पुढचा पाय टाकायला कचरतो, नजर खाली जाते, हात खाली येतो, आणि तिसरीत तुझा उजवा बरोबर आत शिरतो. बालेवाडीला मी हे पहिल्या रांगेतून पाहिलंय. तिसऱ्या फेरीत तुझेच पाय जड झाले, तर हे कसं जमायचं? त्यात बाद पद्धत. आज जिंकलास की पुन्हा उभं राहायचं.

साठात लढतींचा ड्रॉ सोपा लागेल, सेमीफायनल गाठली की ब्राँझ पक्कं, हा हिशेब मला पटत नाही. तिथंही बरेच जण तुझ्यासारखे वरूनच उतरलेले असणार. ऑलिंपिक समितीनं 2021 मध्ये वाकोला, म्हणजे तुमच्या किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला, पूर्ण मान्यता दिलीय, स्पर्धा काही संपत नाहीत. साडेत्रेसष्टात पहिल्याच लढतीत हरलास तरी मी तुला न्यायला स्टेशनवर येईन.

फॉर्म भरायच्या आधी सरांशी बोल. तुला अवघड वाटत असेल तर मी बोलतो. आई विचारतेय, नाचणीचं पीठ पाठवू का?

तुझे,
बाबा