सिद्धता नीट लिहून ठेवणे हेही संशोधनच

महोदय,
चौरस फिरवून किंवा उलटून पुन्हा जसाच्या तसा बसवण्याच्या ८ रीती आहेत. त्या आठांचा मिळून एक ‘गट’ होतो. असे सांत, म्हणजे मर्यादित घटकांचे, गट ज्यांच्यापासून घडतात, त्या ‘साध्या’ गटांची संपूर्ण यादी गणितज्ञांनी तयार केली: १८ अनंत कुटुंबे आणि कुठल्याच कुटुंबात न बसणारे २६ गट. त्यांतल्या सर्वांत मोठ्या ‘मॉन्स्टर’मधील घटकांची संख्या तब्बल ५४ अंकी आहे!

पण ही यादी पूर्ण असल्याची सिद्धता शेकडो शोधनिबंधांत विखुरलेली. डॅनियल गोरेन्स्टाइन यांनी १९८३ मध्ये काम संपल्याचे जाहीर केले, तरी एक मोठे प्रकरण अपुरेच होते. ॲशबाकर आणि स्मिथ यांनी २००४ मध्ये सुमारे बाराशे पाने लिहून ती उणीव भरून काढली. गोरेन्स्टाइन, लायन्स आणि सॉलोमन यांनी तर सगळी सिद्धताच सलग लिहायला घेतली. पहिला खंड १९९४ मध्ये निघाला. तो पाहायला गोरेन्स्टाइन नव्हते. त्यांचे सहकारी मात्र खंडामागून खंड लिहीत राहिले.

हे बारकावे जाणणारी पिढी आता थकली आहे. ती गेली, तर सिद्धता छापील असूनही ती समजावून सांगणारे कोणी उरणार नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. निबंध मोजून बढती देणाऱ्या व्यवस्थेत असे काम कोण हाती घेणार? आपल्या विद्यापीठांनी जुन्या सिद्धता तपासून नव्याने मांडण्याला पीएचडीचा विषय म्हणून मान्यता द्यावी आणि त्यासाठी पुरेसा वेळही द्यावा.

– एक गणितप्रेमी वाचक, सातारा