माना क्रिप्टवरची बंदी का उठू नये: मित्रास पत्र

पुणे,
11 मे 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मॅजिक या पत्त्यांच्या खेळातल्या कमांडर या प्रकाराच्या बंदीयादीतून माना क्रिप्ट आणि ज्युवेल्ड लोटस ही कार्डे आता सोडायला हवीत, हा तुझा आग्रह आणि त्यासाठी तू दिलेली कारणे मी दोनदा नीट वाचली. फोनवर हा विषय निघाला की आपले आवाज चढतात आणि मुद्दा अर्ध्यावर राहतो, म्हणून या वेळी सावकाश लिहूनच उत्तर देतो. माझे मत बदललेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र तुझ्या एका मुद्द्यापुढे मला थांबावे लागले. त्याच्याकडे शेवटी येईन.

तुझे पहिले म्हणणे असे, की सोल रिंग मोकळी ठेवून क्रिप्टवर बंदी घालणे हा शुद्ध दुटप्पीपणा आहे. सोल रिंग एका मानाला (माना म्हणजे कार्ड उतरवायला लागणारी ऊर्जा) येते आणि दर पाळीला दोन माना देते. क्रिप्ट फुकट येते आणि तेवढाच माना देते. म्हणजे फरक एका मानाचा, आणि तेवढ्यासाठी एकीला प्रत्येक प्रीकॉनमध्ये, म्हणजे तयार विकल्या जाणाऱ्या डेकमध्ये, सन्मानाचे स्थान आणि दुसरीला हद्दपारी. हे वाचून क्षणभर तुझी बाजू पटते, कारण सोल रिंग आज नव्याने छापली असती तर तिच्यावरही बंदी आली असती, असे मलाही वाटते. कमांडरचे नियम तेव्हा सांभाळणाऱ्या रूल्स कमिटीने 23 सप्टेंबर 2024 रोजी ही बंदी जाहीर करताना सोल रिंगला वगळले ते मुख्यतः ती या खेळप्रकाराची ओळख झाली आहे म्हणून, आणि ते समर्थन मला लंगडेच वाटले होते. पण लंगड्या समर्थनामागेही खरे कारण असू शकते. ते आकड्यांत दिसते, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

कमांडर, म्हणजे डेकचे म्होरके कार्ड, बाजूला काढल्यावर डेकमध्ये 99 कार्डे उरतात आणि मूळ जमिनी (माना देणारी साधी कार्डे) सोडल्या तर प्रत्येक कार्ड एकदाच असते. पिसून पहिली सात उचलली, तर त्यांत सोल रिंग असण्याची शक्यता सुमारे 7 टक्के. टेबलावर चौघे असतात, तेव्हा चौघांपैकी निदान एकाच्या हाती ती पहिल्याच उचलीत येण्याची शक्यता 25 टक्के, म्हणजे चार डावांतून एकदा. आता याच डेकमध्ये क्रिप्ट आणि एकदाच तीन माना देणारे लोटसही घाल. तिन्हींपैकी निदान एक हाती येण्याची शक्यता एकट्या खेळाडूपुरती 20 टक्क्यांवर जाते आणि चौघांच्या टेबलावर ती 59 टक्के होते. यात मलिगन धरलेलाच नाही. चांगल्या हातासाठी लोक पुन्हा उचलतात, तेव्हा हा आकडा आणखी वर सरकणार. चारांतून एका डावात कुणीतरी उधळलेल्या घोड्यासारखा पुढे गेला, तर बाकीचे तिघे मिळून त्याला आवरतात आणि तो डाव उलट आठवणीत राहतो. पण दर पाच डावांतले तीन असेच सुरू होऊ लागले, की तो अपवाद न राहता तोच खेळ होऊन बसतो. म्हणून सोल रिंग एकटी असणे आणि तिला दोन बहिणी असणे यांतला फरक एका मानाचा नाही. तू कार्ड कार्डाशी ताडून पाहतोस. बंदी ठरवताना टेबल टेबलाशी ताडून पाहावे लागते.

क्रिप्टला स्वतःची किंमत आहे, दर पाळीला नाणे उडवायचे आणि हरलो तर आपल्या आयुष्याचे तीन गुण गमवायचे, असेही तू लिहिले आहेस. सरासरीने ते नुकसान पाळीला दीड गुणाचे पडते. क्रिप्ट पहिल्यांदा आली 1995 मध्ये, जेव्हा मॅजिकचा डाव वीस गुणांवर आणि दोघांतच खेळला जात असे. तिथे हे नाणे खरोखर बोचत होते. कमांडरमध्ये सुरुवात चाळीस गुणांनी होते आणि मारा तीन दिशांना विभागला जातो. दहा पाळ्या क्रिप्ट बाळगली तरी सरासरीने पंधरा गुण जातात, आणि क्रिप्टवाल्याला दहा पाळ्या लागतात तरी कुठे? ज्या काट्यामुळे हे कार्ड कसेबसे ताळ्यावर राहत होते, तो या खेळप्रकाराच्या नियमांनीच बोथट करून टाकला आहे.

दुसरे तुझे कारण अधिक विचारपूर्वक दिलेले आहे. बंदी आली तेव्हा ब्रॅकेट (डेकच्या ताकदीच्या पायऱ्या) नव्हते, आता आहेत. यंदा फेब्रुवारीत मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स कंपनीने डेकच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या, गेम चेंजर, म्हणजे डाव पालटणाऱ्या, कार्डांची वेगळी यादी केली, पहिल्या दोन पायऱ्यांवर त्यांतले एकही कार्ड चालत नाही आणि तिसरीवर जास्तीत जास्त तीन चालतात. मग क्रिप्ट आणि लोटस त्या यादीत टाकली की प्रश्न मिटला, चौथ्या आणि पाचव्या पायरीवरचे लोक आपापसांत काय ते पाहून घेतील, असे तुझे म्हणणे. शिवाय एप्रिलमध्ये ब्रेड्स, कोअलिशन व्हिक्टरी, गिफ्ट्स अनगिव्हन, पॅनॉप्टिक मिरर आणि स्वे ऑफ द स्टार्स ही पाच कार्डे नेमकी याच वाटेने सोडली गेली, हा दाखलाही तू दिला आहेस.

त्या पाचांबद्दल माझी तक्रार नाही, निदान चारांबद्दल नाही. कोअलिशन व्हिक्टरीला आठ माना लागतात, पाचही रंगांचे प्राणी आणि पाचही प्रकारच्या जमिनी लागतात; स्वे ऑफ द स्टार्सला तर दहा माना. तिथवर डाव पोहोचेपर्यंत प्रत्येकाला आपला डेक काय करतो ते दाखवायला मिळालेले असते, आणि आठ मानांच्या कार्डाने डाव संपला तर तो संपायलाच आला होता. ही कार्डे टेबलाच्या शेवटाला हात घालतात. क्रिप्ट आणि लोटस टेबलाच्या सुरुवातीला हात घालतात, आणि माझ्या लेखी बंदी उठवायची की ठेवायची याचा निवाडा याच रेषेवर व्हायला हवा.

आता ब्रेड्सकडे ये, कारण तुझा दाखला तिथेच तुझ्यावर उलटतो. ब्रेड्स, कॅबल मिनियन चार मानांना येते आणि ती असेपर्यंत प्रत्येकाला आपापल्या पाळीच्या आरंभी एक आर्टिफॅक्ट (वस्तूचे कार्ड), प्राणी किंवा जमीन गमवावी लागते. चौथ्या-पाचव्या पाळीला ती आली, तर लोकांकडे टाकायला काही असते आणि तिला मारायला काही असते. आता तिला कमांडर कर आणि लोटस मोकळे आहे असे धर. पहिल्या पाळीला एक स्वॅम्प (काळा माना देणारी जमीन), लोटसमधून तीन काळे माना, आणि ब्रेड्स मैदानात. समोरचे तिघे दर पाळीला एक जमीन टाकणार आणि पुढच्या पाळीला तीच गमावणार. हा डाव दोन तास चालणार नाही, पण जितका चालेल तितका त्या तिघांना दोन तासांसारखा वाटेल. ब्रेड्सला जामिनावर सोडता आले, कारण लोटस आत आहे. दोघींना एकदम बाहेर आणता येत नाही, आणि एकीला निवडायची झाली तर मी ब्रेड्सलाच निवडीन, कारण ती निदान आपल्या पाळीची वाट पाहते.

ब्रॅकेटच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही, त्यांच्या आवाक्याबद्दल आहे. आपल्या वाड्यातल्या क्रिकेटमध्ये चेंडू गच्चीवर गेला की आउट, हा नियम चालायचा, कारण खेळणारे रोजचे होते आणि गच्चीवरच्या आजी सगळ्यांना ठाऊक होत्या. आपल्या चौघांच्या टेबलावर रूल झीरो, म्हणजे आधी आपसांत बोलून ठरवलेला नियम, तसाच चालतो. पण दुकानात रविवारी अनोळखी तिघांसमोर बसलो, की बोलून ठरवता येते ते डेकच्या बेताबद्दल: कॉम्बो (एकमेकांना जोडून डाव संपवणारी कार्डे) आहे का, जमिनी उडवणारे कार्ड आहे का, साधारण कितव्या पाळीला जिंकतोस. पहिल्या सात पत्त्यांत काय येईल, हे कुणी बोलून ठरवू शकत नाही. तिसऱ्या पायरीवरचा सभ्य, बेतशीर डेकही क्रिप्ट हाती आली त्या डावापुरता चौथ्या पायरीचा होतो आणि न आली तर पुन्हा तिसरीचा. अशा कार्डाला कोणत्याही पायरीवर बसवले तरी ते तिथे स्थिर राहत नाही.

पैशांबद्दल तू लिहिलेस ते मला समजते, आणि ते थट्टेवारी न्यायचे मला धाडस नाही. तुझे लोटस तू कमांडर मास्टर्स या कार्डसंचातून मिळवले होतेस, बंदीला तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते. क्रिप्ट निदान व्हिंटेज या मॅजिकच्या दुसऱ्या प्रकारात एक प्रत चालते. लोटसचा माना फक्त कमांडर उतरवायलाच वापरता येतो, त्यामुळे कमांडरमधून ते गेले म्हणजे कुठेच उरले नाही. 2020 मध्ये मुद्दाम याच खेळप्रकारासाठी काढलेले, 2023 मध्ये महागड्या पाकिटांत पुन्हा छापलेले कार्ड साधारण वर्षभरात बाद होते, तेव्हा घेणाऱ्याला फसवल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या रागाचे पुढे काय झाले तेही आठव. कमिटीतल्या लोकांना धमक्या आल्या आणि बंदी जाहीर झाल्यावर आठवडाभरात, 30 सप्टेंबरला, त्यांनी सगळा कारभार विझर्ड्सकडे सोपवला. ज्या खेळप्रकाराला शेल्डन मेनेरी यांनी इतकी वर्षे कंपनीबाहेर राहून वाढवले, तो त्यांच्या निधनानंतर वर्षभराने अशा रीतीने पाकिटे विकणाऱ्याच कंपनीच्या हाती गेला. आता पैसे बुडाले म्हणून बंदी उठवली, तर यापुढे प्रत्येक महाग कार्डाला किमतीचे चिलखत मिळेल आणि स्वस्त कार्डेच तेवढी यादीत जातील. कंपनीला ते आवडेलही. मला आवडणार नाही.

किमतीची दुसरी बाजूही आहे. क्रिप्ट महाग राहिली, तर टेबलावर ती एकाकडेच असते आणि तोच वरचढ राहतो. आपण करतो तशी प्रॉक्सी, म्हणजे घरगुती नक्कल, सगळ्यांनी छापून आणली, तर ती चौघांकडेही असते आणि वरचा 59 टक्क्यांचा हिशेब लागू होतो. या दोन्हींच्या मधली, सुखाची अशी कोणतीही जागा मला सापडली नाही.

सोडायचेच असेल, तर मी प्रायमिव्हल टायटनचे नाव पुढे करीन. 2012 पासून ते बंदीयादीत आहे. सहा मानांना सहा-सहाचा प्राणी, आणि येताना व हल्ला करताना दोन-दोन जमिनी शोधून आणणारा. कॅबल कॉफर्स आणि अर्बोर्ग या जमिनी एकदम आणल्या की दांडगाई होते हे खरे, पण ती सहाव्या मानाची दांडगाई आहे. प्रॉफेट ऑफ क्रुफिक्सवरची बंदी मात्र उठवू नये. दुसऱ्याच्या प्रत्येक पाळीत आपल्या जमिनी आणि प्राणी मोकळे करणारे कार्ड एकाला चार पाळ्या देते आणि बाकीच्यांना वाट पाहायला लावते. क्रिप्टसोबतच बंदी आलेल्या नाडू या कार्डाचेही तेच. त्याचा मजकूर शेवटच्या टप्प्यावर बदलला आणि बदललेल्या रूपात त्याची चाचणी झालीच नाही, हे त्याच्या डिझायनरने स्वतः लिहून मान्य केले आहे. त्यावर आपण वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि आता तो मुद्दा, ज्यापुढे मी थांबलो. डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्टबद्दल तू लिहितोस, की ते मुळात मागे पडलेल्याचे कार्ड आहे: दोन मानांचा गॉब्लिन, आणि समोरच्यांची जितकी आर्टिफॅक्ट व एन्चांटमेंट (टिकून राहणाऱ्या मंत्रांची कार्डे) तितके ट्रेजर, म्हणजे एकेक माना देणाऱ्या खुणा. समोरच्यांनी क्रिप्टसारखी फुकटची रत्ने भराभर मांडली नसती, तर त्याला खायला मिळाले नसते. क्रिप्ट आणि लोटस गेली, म्हणजे त्याचे खाद्य कमी झाले, मग तिघांनाही एकाच दिवशी एकाच शिक्षेत का घातले? हा प्रश्न मला सुटलेला नाही. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे आहे ते एवढेच, की टेमर सेबरटूथसारखा प्राणी सोबत असला, तर चार माना खर्चून त्याला हातात घेऊन पुन्हा उतरवता येते आणि समोर पाच आर्टिफॅक्ट असली की ट्रेजर संपतच नाहीत. चौघांच्या टेबलावर पाचचा आकडा तिसऱ्या पाळीलाच गाठला जातो, क्रिप्टशिवायही. पण तो कॉम्बो आहे, तो आधी बोलून टाळता येतो, आणि पहिल्या उचलीच्या नशिबाशी त्याचा संबंध थोडा. मी वर ओढलेल्या रेषेने पाहिले, तर डॉकसाइड तुझ्या बाजूला पडते, हे मला नाकारता येत नाही.

तेव्हा असे करू. जूनमध्ये तू येशील तेव्हा आपल्या टेबलावर चौघांच्याही डेकमध्ये डॉकसाइडची प्रॉक्सी घालू, लाल रंग नसलेल्यांनी त्या दिवसापुरता लाल डेक आणावा, आणि क्रिप्ट-लोटस कुणीही आणू नये. चार-पाच डाव झाल्यावर त्याच्यावर बोलू. तुझे लोटस बाइंडरमध्येच राहू दे, माझ्या क्रिप्टच्या शेजारी त्याला जागा आहे.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग. सेबरटूथबद्दलचे तुझे म्हणणे मात्र येण्याआधी लिहून पाठव, म्हणजे मला तयारीला वेळ मिळेल.

तुझाच,
जुना प्रतिस्पर्धी