'मयताचं नाव?' 'मलिंगा'

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

खरं तर मला हे पत्र लिहायचंच नव्हतं, मला छोटी जाहिरात द्यायची होती. दुःखद निधनाची, काळ्या चौकटीतली. गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या एका जाहिरात एजन्सीत गेलो, समोरच्या मुलाने फॉर्म काढला, पेन उघडलं आणि विचारलं मयताचं नाव? मी म्हणालो मलिंगा. पोरगं खुर्चीतून अर्धं उठलं, "काय सांगता काका, कधी गेला?" त्याला वाटलं श्रीलंकेवाला, आयपीएलमध्ये मुंबईकडून खेळणारा तो सोनेरी कुरळ्या केसांचा बॉलर. मग मी म्हणालो अरे नाही, आमचा कुत्रा, तर तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला आणि म्हणाला सॉरी, आपल्याकडे माणसांचंच घेतात. पैसे पूर्ण देतो म्हटलं तरी नाही. म्हणून मग हे पत्र, वाचकांच्या पत्रांना तरी तसा काही नियम नसावा.

तर मलिंगा, घरात मल्या. जून २०११ च्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडला, रंग विटकरी-सोनेरी आणि डोक्यावर कुरळे केस, म्हणजे लेकीने नाव ठेवायला दहा सेकंदसुद्धा घेतले नाहीत. वर्ल्डकप जिंकून दोन महिने झाले होते आणि घरात सगळे एमआयवाले, म्हणजे मुंबई इंडियन्सचे. सगळी गडबड समोरच्या फ्लॅटमध्ये आहे. तिथे अण्णा राहतात. मूळचे सोलापूरचे, चेन्नईला एकदाच गेलेत तेही तिरुपतीहून येताना, पण धोनीपायी असे सीएसकेवाले, म्हणजे चेन्नई सुपर किंग्जचे झाले की सोसायटीने त्यांचं नावच अण्णा करून टाकलं. आणि त्यांच्या टीममध्ये ऋतुराज गायकवाड आला तेव्हापासून तर विचारूच नका, "आपल्या सांगवीचा पोरगा आमच्याकडे आहे, तुम्ही चिंचवडात राहून मुंबईची कसली ओझी वाहताय" हे मी आठवड्यातून दोनदा ऐकतो.

आमचं हे भांडण मल्याच्या वयाएवढंच जुनं. २०१३ ला ईडन गार्डन्सवर आम्ही त्यांना फायनलमध्ये हरवलं तेव्हा मी रात्री त्यांच्या दारात पेढ्यांचा बॉक्स ठेवला, तो मल्याने खाल्ला, अण्णा आजपर्यंत म्हणतात की ते मी मुद्दाम केलं. २०१६ आणि २०१७ ला त्यांच्या टीमवर बंदी होती तर मी दोन वर्षं रोज सकाळी दूध घेताना विचारायचो, काय अण्णा, सुट्टी कशी चाललीये. मग २०१८ ला ते परत आले आणि सरळ कप घेऊन गेले. त्या रात्री अण्णांनी स्वतःचा पिवळा, म्हणजे सीएसकेच्या रंगाचा, टॉवेल मल्याच्या गळ्यात बांधून फोटो काढला आणि डीपी ठेवला. मल्या त्यात असा हसतोय जसा काही त्याला पूर्ण सिझनचं मानधन मिळालंय. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. कुत्र्याशी म्हणजे, अण्णांशी तर बोलतच नव्हतो.

पण १२ मे २०१९ मी विसरू शकत नाही. हैदराबादची एमआय-सीएसके फायनल, त्यांचा वॉटसन गुडघ्यातून रक्त येत असताना खेळतोय, मलिंगाच्या आधीच्या ओव्हरला २० रन गेलेत आणि तरी शेवटची ओव्हर कॅप्टन रोहितने त्यालाच दिली. त्यांना नऊ हवेत. अण्णा आमच्याच घरात, कारण त्यांची केबल गेली होती (असं ते म्हणाले). शेवटच्या बॉलला दोन हवेत, समोर शार्दुल ठाकूर, म्हणजे बघा आमच्या पालघरचा पोरगा त्यांच्याकडे, आणि स्लोअर बॉल, पॅडवर, एलबीडब्ल्यू. मी सोफ्यावर चढून ओरडलो, मलिंगाऽऽ! आणि आतल्या खोलीतून हा धावत आला, शेपूट हलवत, टीव्हीसमोर माझ्याकडे बघत उभा, की बोलावलंत का. अण्णा हरल्याच्या दुःखात होते तरी हसून हसून खाली बसले. त्यानंतर कॉमेंट्रीत कोणीही मलिंगा म्हटलं की आमच्या घरात कान उभे राहायचे. २०२१ ला तो खरा मलिंगा रिटायर झाला तेव्हा अण्णांनी खाली येऊन मल्याला हस्तांदोलन केलं, म्हणाले तुझी नोकरी मात्र चालू राहू दे.

एक गोष्ट मात्र मला आता टोचते. एमआय जिंकली की आमच्या गल्लीत फटाके वाजायचे आणि मल्या थरथरत बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसायचा. म्हणजे माझी टीम जिंकली की त्याची वाट लागायची. पाच फायनल जिंकलो आणि पाचही वेळा निम्मा जल्लोष मी बाथरूमच्या फरशीवर त्याच्या पाठीवर हात ठेवून काढलाय. तेव्हा वैताग यायचा.

२०२४ च्या दिवाळीनंतर मल्या पाणी जास्त प्यायला लागला. तपासलं तर किडनी. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की वाढतं ते, साधारण दीडच्या आत हवं ते सहाच्या वर. डॉक्टरांनी घरी सलाईन द्यायला शिकवलं, मानेमागच्या कातडीखाली सुई टोचायची, मग तिथे बैलासारखं वशिंड येतं आणि काही तासांत जिरतं. एकाने धरायचं, एकाने टोचायचं. बायकोला सुई बघवत नाही, लेक बंगलोरला, तर धरायला रोज रात्री कोण, अण्णा. मॅच चालू असली तर मोबाईल बादलीला टेकवून. मी सुई टोचणार तेवढ्यात ते हळूच म्हणणार, "तुमच्या बुमराहपेक्षा बरा टप्पा पडतोय." २०२४ च्या सिझनला आम्ही टेबलच्या तळाला होतो, वानखेडेवर आमचेच लोक रोहितच्या जागी कॅप्टन केलेल्या हार्दिकला हूट करत होते, आणि १४ एप्रिलला धोनीने येऊन चार बॉलमध्ये २० मारले आणि सीएसके बरोब्बर २० रननेच जिंकली, ते तर अण्णांनी मला महिनाभर जेवणाबरोबर वाढलं. २०२५ ला ते तळाला होते आणि मी एक शब्द बोललो नाही. बोलायची सोयच नव्हती, रोज त्यांच्या हातात माझं कुत्रं.

२० एप्रिलला, रविवारी दुपारी मल्या गेला. अण्णांच्या दारातल्या पायपुसण्यावर, कारण तिथे ऊन येत नाही. चौदा पूर्ण व्हायला दोन महिने होते. त्याच संध्याकाळी एमआय-सीएसके, वानखेडेवर. सोसायटीच्या ग्रुपवर एरवी अशा दिवशी सकाळपासून तोफा, त्या दिवशी दुपारनंतर एक मेसेज नाही. कोणी ठरवलं माहिती नाही. मला स्कोअर दुसऱ्या दिवशी कळला, आयुष म्हात्रे म्हणून विरारचं सतरा वर्षांचं पोरगं सीएसकेकडून पहिल्यांदा खेळलं आणि चांगलं खेळलं, पण रोहित आणि सूर्याने सोळा ओव्हरच्या आत मॅच संपवली. रात्री साडेदहाच्या पुढे गल्लीत फटाके वाजले आणि मी झोपेतल्यासारखा उठलो, जाऊन बाथरूमचा दिवा लावला. बादलीमागे कोणी नव्हतं. बायको मागून आली, तिने दिवा बंद केला, दोघं काही बोललो नाही.

आता मुद्द्यावर येतो, संपादक साहेब. सोमवारी ऑफिसला फोन केला, सुट्टी हवी. साहेबांनी विचारलं काय झालं. मी खरं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता आणि मग, "अरे कुत्राच ना? हाफ डे घे." हेच साहेब १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्डकप फायनल हरल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणाले होते की आज कामाचं प्रेशर नको, सगळ्यांचा मूड गेलाय. ट्रॅव्हिस हेडने अहमदाबादला १३७ मारले म्हणून आख्ख्या डिपार्टमेंटला सूट, अकरा माणसं ज्यांना आम्ही कधी भेटलो नाही त्यांच्यासाठी कँटीनमध्ये लोकांचे डोळे भरलेले, आणि त्यात मीही होतो, मी काही नाकारत नाही. मॅच हरलेल्या माणसाला कसं वागवायचं ते आपल्याला पाठ आहे. चिडवायचं कधी, गप्प कधी बसायचं, चहा कधी पाजायचा. आणि चौदा वर्षं दाराशी वाट बघणारं जनावर गेलं तर लोक विचारतात दुसरं कधी आणताय. एका नातेवाईकाने तर तिसऱ्याच दिवशी लॅब्राडॉरच्या पिल्लांचे फोटो पाठवले, रेटसकट. वाईट हेतू नसतो, काय बोलायचं ते माहितीच नसतं एवढंच. शेवटी मी ऑफिसात मामा वारले म्हणून सांगितलं आणि दोन दिवस घेतले. मामा १९९८ लाच गेलेत, त्यांची क्षमा मागतो.

पुरायला तळेगावजवळ मित्राच्या शेतावर नेलं. खड्डा अण्णांनी अर्धा खणला, साठी ओलांडलीये तरी फावडं देईनात. माती लोटून झाल्यावर बराच वेळ उभे राहिले आणि मग तोंडातून निघून गेलंच, "सात दुणे चौदा. थाला फॉर अ रीझन." थाला म्हणजे त्यांचा धोनी, त्याच्या जर्सीचा नंबर सात, आणि कुठेही सात दिसला की त्याचे चाहते हेच म्हणतात. लगेच जीभ चावली, माफी मागायला लागले. मला इतकं हसू आलं की पोटात दुखलं, आणि मग जे रडायचं राहिलं होतं ते सगळं तिथेच झालं.

जाहिरातीचा मजकूर खाली देतोय, जागा असेल तर छापा.

"मलिंगा ऊर्फ मल्या, चिंचवड, दि. २० एप्रिल २०२५ रोजी वृद्धापकाळाने व किडनीच्या आजाराने निधन. मुंबईचा कट्टर, वागायला मात्र सर्वपक्षीय. शोकाकुल: दोन्ही फ्लॅट, दुसरा मजला."

फोटोही जोडलाय. घरात हजार फोटो आहेत पण एकात हलला, एकात डोळे मिटले, नीट आलेला असा एकच, तो २०१८ चा पिवळ्या टॉवेलमधला, तोही अण्णांकडून मागून घेतला आणि त्यांनी काही न बोलता पाठवला, हे तर जास्तच वाईट. छापणार असाल तर एवढी विनंती की कृपया ब्लॅक अँड व्हाईट छापा.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड