फोटोखाली नावही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळीआधी आपल्या पहिल्या पानावर सातपुड्यातल्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारातला मोठा रंगीत फोटो आला होता. मी हॅम्बुर्गला असते, त्यामुळे ई-पेपरवर पाहिला. फोटो झकासच आहे. चांदीचे दागिने, गुलाबी ओढणी, मागे उडालेली धूळ. खाली छायाचित्रकाराचं नाव आहे, ते असायलाच हवं. ज्या दोघींच्या जिवावर तो फोटो उभा आहे, त्या मात्र नुसत्या 'पारंपरिक वेशभूषेतील आदिवासी तरुणी'. एवढ्याचसाठी हे पत्र.

माझं माहेर फैजपूर. इथे परदेशात सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन रस्त्यांवर हिंडायचा मला नाद आहे. हॅम्बुर्गचं आभाळ वर्षातले कितीतरी महिने राखाडी असतं. मग पिवळी टपालपेटी किंवा एखाद्या म्हातारीची लाल टोपी दिसली तरी बोट आपोआप बटणाकडे जातं. रविवारी पहाटे एल्बे नदीच्या काठावर मासळीबाजार भरतो, १७०३ पासून. नाव मासळीचं, पण तिथे फळंही विकतात. ट्रकच्या फाळक्यात उभा राहून एक जण घसा फोडून ओरडत टोपल्याच्या टोपल्या खपवतो आणि मधूनच गर्दीत केळी भिरकावतो. केळीच्या बागांत वाढलेल्या सावदा-रावेरकडच्या माणसाला हे बघून हसावं की रडावं कळत नाही. तो विक्रेता कॅमेरा दिसला की आणखी जोरात ओरडतो, त्याचे फोटो ढीगभर आहेत माझ्याकडे. पण शेजारी फुलं घेणाऱ्या बाईने हात वर केला, की कॅमेरा खाली.

हा नुसता शिष्टाचार नाही, कायदा आहे. जर्मनीचा पहिला चॅन्सेलर बिस्मार्क १८९८ मध्ये वारला तो हॅम्बुर्गजवळच्याच फ्रीड्रिक्सरू गावी. दोन छायाचित्रकार रात्री गुपचूप त्याच्या खोलीत शिरले आणि प्रेताचा फोटो काढून विकायला निघाले. प्रकरण कोर्टात गेलं, आणि पुढे १९०७ साली कायदा झाला की माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही. त्यात सवलती आहेत. मिरवणूक, सभा, किंवा देखाव्यात माणूस सहज येऊन गेलेला असेल तर संमती लागत नाही. अलीकडे बर्लिनमध्ये रस्त्याने चाललेल्या एका बाईचा फोटो प्रदर्शनासाठी भर रस्त्याकडेला मोठा करून लावला होता. ती कोर्टात गेली. २०१८ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावरची छायाचित्रणकला ही कलाच आहे, तिला संरक्षण आहे. पण म्हणून त्या बाईला इतकं मोठं करून रस्त्यावर टांगता येणार नाही. मला हा निकाल पटतो. माझ्या ओळखीच्या काही हौशी छायाचित्रकारांना अजिबात पटत नाही, आमचे त्यावर वाद होतात.

आमच्या इथल्या गणपतीच्या मिरवणुकीत एका स्थानिक पेपरचा छायाचित्रकार आला होता. वर सांगितलं तसं मिरवणुकीला संमतीची गरज नाही. तरी तो ढोल वाजवणाऱ्या बाईंपाशी थांबला, फोटो दाखवला, नाव विचारलं. आडनाव पाटील. त्याने ते वहीत लिहून परत वाचून दाखवलं, 'इ' एकच ना, म्हणून खात्री करून घेतली. अर्ध्या खान्देशाचं आडनाव पाटील, पण ते नीट छापायची काळजी कुणी घेतलेली मी तिथे पाहिली!

आमच्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोपवली होती, आणि त्यांनी ती बांबूसारख्या साध्या, जवळपास मिळणाऱ्या सामानातून केली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ढोलवाले, नांगर धरणारे अशा रोजच्या माणसांची चित्रं रंगवली. तिथे नावं नाहीत, आणि त्याचं काही वाटत नाही. चित्रातला ढोलवाला कुणीही असू शकतो. फोटोतला ढोलवाला एकच असतो, आणि त्याला गावात लोक नावाने हाक मारतात.

भोंगऱ्याच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. होळीच्या खरेदीचा तो बाजार. पण बाहेरच्यांनी त्याला मुलामुलींनी पळून जाण्याचा सण करून टाकलं, आणि आदिवासी संघटना ते वर्षानुवर्षं खोडून काढताहेत. अशा बाजारातल्या मुलीचा बिननावाचा फोटो कुठल्या मजकुराशेजारी जाऊन बसेल, याचा नेम नाही.

रंग म्हटलं की आपल्याकडे तीच ती ठिकाणं: होळी, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारी. पथारींवर आता ड्रोन उडतात. वरून लाल जमीन दिसते आणि बाया ठिपक्याएवढ्या. त्या फोटोला जर्मनीतही कुणाला विचारावं लागणार नाही. खाली उतरून पाहिलं की कळतं, तोंडाला घट्ट फडकं बांधून, डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत त्या दिवसभर देठ खुडत असतात. मनगटानेच, कारण बोटं डोळ्याला लावायची सोय नाही. मी मागच्या हिवाळ्यात गेले तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "फोटू काढ बहीन, पन माले बी एक दे." इतकी साधी अट.

आणि केळी? सगळ्या जगाला केळं पिवळं माहीत. आमच्याकडे ते हिरवंच कापतात, हिरवंच ट्रकमध्ये चढतं. कापणीच्या टोळीतल्या माणसाचा सदरा जवळून बघा. मूळचा निळा की पांढरा सांगता येत नाही. खांद्यावर घड वाहून वाहून चिकाचे डाग एकावर एक बसलेले असतात, खांद्याशी जवळजवळ काळे, खाली तपकिरी. हा डाग कुठल्याही साबणाने जात नाही, म्हणून कापणीचा सदरा वेगळाच ठेवलेला असतो. हिरव्यागार बागेत तो तपकिरी रंग असा उठून दिसतो की बस. पेपरात मात्र केळी येते ती भाव पडल्यावर नाहीतर वादळाने बाग आडवी झाल्यावर, आणि फोटोत असतात पुढारी, पाहणी करताना. त्यांची नावं डावीकडून क्रमाने.

विचारत बसलं तर फोटोतला सहजपणा जातो, असं आपले छायाचित्रकार म्हणतील. त्यात तथ्य आहे. पण आधीच विचारायला कोण सांगतंय? आधी काढा, मग स्क्रीन दाखवा, मग विचारा. लोक बहुतेक वेळा खूश होतात, वर चहा पाजतात. वार्ताहराकडे वही असतेच. नाव, गाव आणि कसलं काम करतात, इतकं लिहून घ्यायला मिनिटभर लागतं. गर्दीच्या फोटोत प्रत्येकाला विचारा, असं माझं म्हणणं नाही. पण ज्या फोटोत एक-दोन चेहरेच सगळी चौकट व्यापतात, तिथे नाव हवं, आणि तो अंक त्यांच्या घरी पोचवायला हवा. घरोघर अंक टाकणारी माणसं तुमच्याकडे आहेतच.

सोबत रावेर तालुक्यातल्या एका बागेत काढलेले कापणीचे तीन फोटो पाठवत आहे. योग्य वाटले तर छापावेत. दोघांची नावं गावासकट फोटोंच्या मागे लिहिली आहेत. तिसऱ्याने फोटो चालेल पण नाव नको असं सांगितलं आहे, त्याचं नाव मी लिहिलेलं नाही. कृपया बागमालकाला फोन करूनही ते मिळवू नये.

आपली,
एक वाचक, हॅम्बुर्ग (माहेर फैजपूर, ता. यावल)