ताई, तुमची केबल अजून माझ्याकडंच आहे

ताई, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही लगेच "बरं बरं, पोरीचा डब्बा आणलास का" म्हणून विषय बदलता, म्हणून माझा जुना फोन परत चालता करायला तुम्ही शिकवलं त्याचा थँक्यू शेवटी हे लिहून द्यायलोय. नाव टाकू नको म्हणलात, टाकत नाही. ताई एवढंच.

त्या रविवारी मी तुमच्या वरच्या रूममधे राहणाऱ्या बहिणीचा डब्बा घेऊन लातूरला आलतो आणि तुमच्या ओट्यावर बसून फोनला शिव्या द्यायलो होतो. एरवी डब्बा सकाळच्या एसटीनंच जातो, आमच्या औसा तालुक्यातली पोरं लातूरला शिकायला राहतेत आणि सकाळच्या गाडीत माणसांपेक्षा डबेच जास्त असतेत, पण रविवारी मी स्वतः येतो. आदल्याच दिवशी शेतात उभं राहून ई-पीक पाहणीचा (सरकारी ॲपवर पिकाची नोंद करायची ती) फोटो काढायलो होतो, सोयाबीनसमोर उभा, ऊन डोक्यावर, आणि फोन ठप्प. तीनदा बंद-चालू केला. तालुक्याच्या एका दुकानदाराला दाखवला तर त्यानं मागचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं की बोर्ड गेलाय, नवा घे, हप्त्यावर देतो. सोयाबीनला भाव असता तर घेतलाबी असता.

तुम्ही फोन हातात घेतला, सेटिंगमधे जाऊन काहीतरी बघितलं आणि म्हणलात, "शेवटचा सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेचा अपडेट, २०२१ चा आहे. बोर्ड-बिर्ड काही गेलं नाही रे, फोन म्हातारा झालेला नाही, ह्याला घरच्यांनी टाकून दिलंय." मला ते वाक्य लई लागलं. २०१९ ला घेतलेला, चार जीबी रॅमचा, एक ओरखडा नाही, आणि कंपनीनं (नाव घेत नाही, सगळ्या तसल्याच) दोन वर्षांत अपडेट बंद केले, वरून सेटिंगमधे सुद्धा जाहिराती. माझ्याच फोनमधे ब्राइटनेस कमी करायला जायचं आणि मधेच कर्जाची जाहिरात बघायची.

मग तुम्ही लिनेज ओएसचं सांगितलं, म्हणजे कंपनीची सिस्टीम काढून तिच्या जागी टाकायची, लोकांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टीम. मला आधी वाटलं हे काहीतरी हॅकिंगचं असंल, पोलिस येतील. तुम्ही हसलात आणि उसाचं उदाहरण दिलं, ते मी आता गावात सगळ्यांना तसंच सांगत असतो. अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड गूगल उघडा ठेवतं, त्याच्या खाली जो लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) आहे त्याचं लायसन जीपीएल, म्हणजे तो कर्नल बदलून फोन विकायचा तर बदललेला कोड द्यावाच लागतो. ह्या उघड्या कोडवर २००९ पासून स्टीव्ह कॉन्डिक नावाच्या माणसानं आणि त्याच्यासोबतच्या लोकांनी सायनोजेनमॉड नावाची अशीच सिस्टीम बनवली, पुढं त्याची कंपनी झाली, आणि २०१६ च्या डिसेंबरमधे कंपनीनं सगळं गुंडाळलं. तर त्याच लोकांनी त्याच कोडवरून त्याच डिसेंबरात लिनेज चालू केलं. "ऊस तोडून नेला, पण मूळ जमिनीत होतं, खोडवा फुटला," असं तुम्ही म्हणलात. मला कर्नल तेव्हा कळला नाही पण खोडवा कळला.

मी लगेच म्हणलं ताई तुम्हीच टाकून द्या, मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबतो. तुम्ही सरळ नाही म्हणलात. खरं सांगतो, तेव्हा राग आलता. एवढं येतंय, दोन तासाचं काम, कशाला भाव खायलेत. तुम्ही म्हणलात मी शेजारी बसते, हात तुझे चालव. आणि दोन तासाचं काम नव्हतंच ते, आधी बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारून डेव्हलपर ऑप्शन चालू करायचा, त्यात ओईएम अनलॉकिंग (कुलूप काढायची परवानगी) चालू करायचं, मग बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कुठली सिस्टीम चालवायची ते ठरवणारं कुलूप, उघडायला कंपनीकडं अर्ज, आणि कंपनी म्हणायली १६८ तास थांबा. मी बोटावर हिशोब केला, सात दिवस! तुम्ही म्हणलात, "लातूरात राहून आठ-आठ दिवस नळाची वाट बघतो आम्ही, तुला सात दिवस होईनात?"

ते सात दिवस मी उगं बसलो नाही. तुम्ही सांगितल्यासारखं माझ्या फोनचं कोडनेम (मॉडेलचं आतलं नाव) शोधलं, कारण दुकानात जे नाव असतं त्याला इथं काही किंमत नाही, नावामागं एक 'प्रो' लागला की आतला फोनच वेगळा असतो आणि दुसऱ्याची फाइल टाकली की कल्याण. पानंच्या पानं वाचली. इंग्रजी अर्धं कळलं, अर्धं तुम्हाला रात्री दहाला फोन करून विचारलं, तुमच्या घरी काय वाटलं असंल देव जाणे. रूट (फोनवर सगळे अधिकार घेणं) आणि रॉम (बदलून टाकायची सिस्टीम) ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सुद्धा मला तेव्हाच कळलं, आमच्याकडं सगळी पोरं दोन्हीला रूटच म्हणतेत. लिनेज टाकलं म्हणजे फोन रूट होत नाही, आणि तुम्ही म्हणलात गरज नाही तर करूच नको.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहायलोय ते.

दुसऱ्या रविवारी मी आलो, लॅपटॉप तुमचा, उबंटू (विंडोजच्या जागी लिनक्स) टाकलेला, एडीबी आणि फास्टबूट ही लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायची साधनं आधीच तयार. मी कमांड लिहायला बोट उचललं आणि तुम्ही म्हणलात थांब, बॅकअप घेतलास का. हौ, घेतला. काय काय घेतलं? फोटो घेतले, कॉन्टॅक्ट घेतले, व्हॉट्सॲपचा घेतला. तुम्ही परत म्हणलात, अनलॉक केलं की आतलं सगळं पुसतं, एक अक्षर राहत नाही. म्हणलं माहितंय ताई, वाचलंय. मग तुम्ही तिसऱ्यांदा विचारलं, पण वेगळं विचारलं. "ह्या फोनमधे असं काय आहे जे दुसरीकडं कुठंच नाही?"

मी काही नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं पण होतं. आणि मला आजी आठवली.

आजी २०२० च्या दिवाळीआधी गेली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लॉकडाऊनमधे काही काम नव्हतं तेव्हा मी तिला जात्यापाशी बसवून ओव्या म्हणायला लावल्या होत्या, जातं नुसतं नावाला फिरवायची, पण फिरवल्याशिवाय तिला ओवी आठवायची नाही. मधेच थांबून मला विचारायची चालू आहे का रे तुझं ते. अकरा रेकॉर्डिंग. रेकॉर्डरच्या फोल्डरमधे पडून होत्या, फोटोंच्या बॅकअपमधे ते फोल्डर येतच नाही, व्हॉट्सॲपवर कधी कुणाला पाठवल्या नव्हत्या, आणि मी त्या वर्षभरात एकदाबी उघडल्या नव्हत्या म्हणून यादीत आल्याच नाहीत. एंटर मारायची देर होती.

तुम्ही काही बोलला नाहीत. लॅपटॉपवर कॉपी केल्या, परत माझ्या मेमरी कार्डवर केल्या, मग म्हणलात एक वाजवून बघ, नुसती फाइल दिसली म्हणजे झालं असं नसतं. वाजवली. जात्याची घरघर आणि आजीचा आवाज तुमच्या ओट्यावर. बहीण वरून पुस्तक टाकून पळत खाली आली. तुम्ही चहा ठेवायला म्हणून आत गेलात ते बराच वेळ बाहेर आला नाहीत, माझं लक्ष होतं.

त्या दुकानदारानं फॉरमॅट मारला असता ना, त्यानं हे विचारलं नसतं. आणि खरं म्हणजे मी स्वतः सुद्धा.

बाकीचं सगळं त्यामानानं गंमतच. फास्टबूटमधे फोन लावला तर लॅपटॉपला फोन दिसंना, अर्धा तास मी म्हणायलो बोर्डच गेलाय बघा, आणि निघालं काय तर माझी केबल नुसती चार्जिंगची, डेटाच्या तारा तिच्यात नाहीतच. तुमची काळी केबल लावली की लगेच दिसला. मग अनलॉक, मग लिनेजची रिकव्हरी (सिस्टीम टाकायचा छोटा मेनू), मग साइडलोड, म्हणजे लॅपटॉपवरून सिस्टीमची फाइल फोनमधे चढवणं. आकडा वाढत वाढत ४७ टक्क्यांवर आला आणि थांबला, आणि खाली ओळ आली "फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस". माझ्या छातीत धस्स झालं. नापास का पास? तुम्ही शांत, चहा पीत, म्हणलात हे नेहमीचंच आहे, फोनच्या स्क्रीनवर बघ, झालंय. जगात असं कुठं असतं का, फेल म्हणून सक्सेस! बहीण म्हणली बोर्डाचा निकाल असाच लागला तर.

आणि मी उतावळा, लगेच रीबूट मारला. गूगलचं पॅकेज (प्ले स्टोअर वगैरे) टाकायचं असंल तर पहिल्यांदा चालू व्हायच्या आधीच टाकावं लागतं, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतं आणि मी दोनदा हौ म्हणलं होतं. परत पुसलं, परत पहिल्यापासून. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, नुसतं घड्याळाकडं बघितलं. माझी शेवटची गाडी गेली त्या दिवशी आणि तुमच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपलो, तेबी उधारी आहेच.

आता वापराचं सांगतो. फोन अँड्रॉइड १४ वर आहे, लिनेज २१, अपडेट सेटिंगमधूनच येतेत, आणि जाहिरात एक नाही. पाहणीचा फोटो पुढच्या वेळी पहिल्याच झटक्यात चढला. गॅलरीला, कॅल्क्युलेटरला, कीबोर्डला कशाला पाहिजे इंटरनेट, प्रत्येकाचं नेट वेगवेगळं बंद करता येतं ते मी सगळं करून टाकलं, एवढा अधिकार मला माझ्या फोनवर पहिल्यांदाच मिळाला. एफ-ड्रॉइड ह्या उघड्या कोडच्या ॲपच्या दुकानावरून नकाशाचं ऑरगॅनिक मॅप्स घेतलं, ते नेट नसताना चालतंय, आमच्या शिवारात नेट तसंबी दोनच ठिकाणी येतंय, एक पाण्याची टाकी आणि एक मारुतीच्या देवळामागं.

आमच्या आण्णांचा फोन मी घरीच केला, एकट्यानं. सेम मॉडेल, एकाच दिवशी घेतलेले. तुम्ही हात माझे का चालवायला लावले ते त्या दिवशी कळलं, ४७ टक्क्यांवर थांबला तरी मी चहा पीत होतो. त्यांना अक्षर मोठं केलं, भाषा मराठी केली (लिनेजच्या स्वतःच्या काही ओळी इंग्रजीतच राहतेत, त्या भाषांतराचं काम लोकच करतेत म्हणे, बघतो जमलं तर), होम स्क्रीनवर चारच चित्रं: फोन, कॅमेरा, व्हॉट्सॲप आणि दामिनी. दामिनी म्हणजे पुण्याच्या आयआयटीएमचं वीज पडायचा इशारा देणारं ॲप, आमच्याकडं वळवाच्या पावसात दरवर्षी झाडाखाली माणसं आणि बैल जातेत. जुन्या सिस्टीमला बॅटरी वाचवायची इतकी हौस की मागं चालणारं प्रत्येक ॲप मारून टाकायची, इशारा यायचा तो पाऊस उघडल्यावर. आता वेळेवर वाजतंय. आणि सगळ्यात जास्त त्यांना काय आवडलं तर पॉवरचं बटण दाबून धरलं की बॅटरी लागते ते, टॉर्च हो. रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला जाताना एका हातात काठी असते, स्क्रीन उघडत बसायला दुसरा हात कुठं मोकळा असतो.

सगळंच गोड आहे असं नाही. माझ्या एका बँकेचं ॲप उघडतच नाही, बूटलोडर उघडा दिसला की नाही म्हणतंय, तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून भांडायला जागा नाही. त्या खात्याचं मी *९९# डायल करून, नेटशिवाय करतो, वेळ लागतो, होतंय. फोन चालू करताना दरवेळी इशाऱ्याची पाटी येते की हा फोन सुरक्षित नाही, आण्णा पहिल्यांदा घाबरले, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेत, जसं काय बक्षीस मिळालंय. चोरीला गेला तर उघड्या बूटलोडरची भीती आहेच, ते मी आण्णांना सांगितलं तर म्हणले आपल्या फोनमधे चोराला काय मिळणार, सोयाबीनचे फोटो?

गावातल्या तिघांनी विचारलंय आता. मी टाकून देत नाही म्हणलं, शेजारी बसतो म्हणलं. एक जण चिडला, होईल शांत. आणि प्रत्येकाला अनलॉकच्या आधी तुमचाच प्रश्न विचारतो. पहिला म्हणला काही नाही. जरा वेळानं म्हणला, थांब, मेलेल्या बैलाचा एक व्हिडिओ आहे.

ज्वारी ह्यावेळी बरी आहे. संक्रांतीच्या आसपास हुरडा होईल, दाजींना आणि लेकरांना घेऊन या, बहिणीला सांगून ठेवलंय ती घेऊन येईल तुम्हाला. अकराच्या अकरा ओव्या आता आण्णांच्या फोनमधे पण आहेत, आगटीपाशी बसून ऐकवतो. केबल तेव्हाच देईन, तोपर्यंत अजून दोन फोन करायचेत.

तुमचा,
वरच्या रूममधल्या पोरीचा भाऊ