बारक्यांच्या पुस्तकांना कुलूप नको

शहापूर, बेळगाव

प्रिय अप्पा,

उत्तराला फार उशीर झाला, रागवू नकोस गा. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, बाकी सगळे बरे. पण वाचनकट्ट्यावरची चित्रपुस्तकं कपाटात जाणार आणि तिसरीच्या पुढच्यांनाच मिळणार, कारण बारकी पोरं फाडतात, हे कळल्यापासून चैन नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितोय.

लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांना तिसरीपर्यंत थांबवायचं? ‘राधाचं घर’ मधली राधा स्वतःच एवढीशी! आई, बाबा, आजी, आजोबा कसे आहेत ते ती तिच्या उंचीवरून सांगते. वाचता न येणाऱ्या पोराच्या मांडीवरच ते पुस्तक हवं. बाई मुंबईच्या जेजे कलाशाळेत चित्रकला शिकल्या, मग पॅरिसला गेल्या. लिहिणारा आणि काढणारा हात एकच असल्यामुळे चित्रात दिसतं ते वाक्यात पुन्हा येत नाही. 2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हाही तू म्हणालास, “रंग फिके आहेत, पोरांना भडकच लागतं.” अजून पटलेलं नाही मला. भडक रंगात डोळा एकाच जागी अडकतो. इथं तो पानभर फिरतो.

म्हणून वाचणाऱ्यानं घाई करायची नाही. दहा-बारा पोरं अर्धगोलात बसवायची, पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला खांद्याशेजारी धरायचं आणि पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे हात चित्रावर येत नाही. आधी चित्र बघू द्यायचं, मग ओळ वाचायची. शेवटी तात्पर्य विचारलं की पुढच्या वेळी पोरं चित्र बघत नाहीत, उत्तर शोधतात. घरी कानडी बोलणारी पोरं येतात ना, त्यांच्यापुढं ‘चित्रवाचन’ ठेव. त्यात वाचायचं ते चित्रच. पोर मराठीत सांगो, कानडीत सांगो, मध्ये अडवू नका. ‘वाचू आनंदे’ या त्यांच्या वेच्यांच्या संग्रहाचे चार भाग मात्र मोठ्यांसाठी खुशाल वर ठेवा.

आता फाटण्याचं. ही पातळ पुस्तकं मधोमध पिनांवर धरलेली. आपल्या पावसात पिना गंजतात, कागद खातात आणि मधली पानं सुटतात. यात पोरांचा दोष थोडा. पिना उचकटून काढायच्या, घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची, एक मध्ये, दोन कडांपासून बोटभर आत. मेण चोळलेला सुती दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्यायचा. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून गाठ मारायची.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी अजिबात नको. ती पिवळी पडते, गोंद पाझरतो आणि शेजारचं पान चिकटतं. एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे पाणी, मंद आचेवर खळ करायची. बायंडर त्यात मोरचूद घालतात, पण ते विष. बारकी पोरं पानं तोंडात घालतात, म्हणून खळ लागेल तेवढीच ताजी करायची. पांढरा पातळ टिश्यू कागद खळीनं लावून, वर-खाली प्लास्टिक ठेवून, रात्रभर वजनाखाली.

आणि कुलूपबंद लोखंडी कपाटात तर पावसाळ्यात वारंच नाही, बुरशी धरणार. उभी ठोसून ठेवली तर या पुस्तकांना कणाच नसतो, नाव दिसत नाही, पोरं हात लावत नाहीत. भिंतीवर कापडी कप्पे शिवून घ्या, मुखपृष्ठ बाहेर, पोराच्या छातीच्या उंचीवर.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला का? कळव.

रविवारी दाभण-दोरा घेऊन येतो. तोवर सुटलेली पानं पुस्तकातच राहू देत आणि मंडळींना चिकटपट्टीला हात लावू देऊ नकोस.

तुझा,
बाळू