पुस्तक मिटून पाहा

चि. मुक्ता हिस,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, की राज्यसेवेच्या परीक्षेसाठी दिवसाचे बारा तास वाचूनही काही लक्षात राहत नाही आणि दुपारी चारनंतर डोके चालेनासे होते. तुझा आवाज रडवेला झाला होता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुझी बुद्धी कमी पडते असे मला क्षणभरही वाटत नाही. तुझे कष्ट चुकीच्या ठिकाणी खर्च होत आहेत, असे मात्र ठामपणे वाटते.

मागच्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या तुझ्या खोलीवर आलो होतो, तेव्हाचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. मी सहज वसंतराव नाईक समितीविषयी विचारले. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्यामुळे तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ‘‘बाबा, ते तीनदा वाचून झालंय,’’ असे म्हणत तू पुस्तकाकडे हात नेलास आणि नेमके पान पटकन उघडलेस. डावीकडचे पान, वरून तिसरी ओळ, गुलाबी हायलायटरने रंगवलेली. परंतु ही समिती १९६० साली नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून झालेल्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी आपल्या राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, एवढेसुद्धा पान उघडण्याआधी तुझ्या तोंडून आले नाही. माहिती कोणत्या पानावर आहे हे तुला पक्के ठाऊक होते आणि त्यालाच तू पाठ असणे समजत होतीस. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायला कदाचित तेवढे पुरले असते; आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, तिथे कोऱ्या कागदासमोर सारे स्वतःच आठवावे लागणार.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोती झाली, की अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, आम्हा भावंडांना ओट्यावर ओळीने बसवून परवचा म्हणून घेत. आधी पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि शेवटी अडीचकी, म्हणजे अडीचपटीचा पाढा. अडीचकीत सातापाशी मी हमखास अडखळत असे. थोरला भाऊ कुजबुजून सांगू लागला, तर अण्णा त्याच्याकडे नुसते पाहत आणि तो गप्प होई. मग अण्णा थांबत. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असे, कंदिलाभोवती किडे घिरट्या घालत असत आणि अण्णा काही न बोलता माझ्या तोंडाकडे पाहत बसलेले असत. अखेर कुठून तरी ‘साडेसतरा’ बाहेर पडे. आज बासष्टाव्या वर्षी बाजारात हिशेब करताना ते साडेसतरा आपसूक जिभेवर येते. पुष्कळ वर्षे मला वाटत होते की घोकंपट्टीमुळे ते पक्के झाले. पण शिक्षकी पेशात इतकी मुले पाहिल्यावर माझी खात्री पटली आहे, की अण्णांच्या त्या थांबण्यामुळे, ओठांवर येऊ न पाहणारा आकडा स्वतःच ओढून काढावा लागल्यामुळे तो पक्का झाला.

याला प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्या गटाला एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना स्पष्टपणे अधिक आठवत होते. तुझ्यासाठी यातली सर्वांत महत्त्वाची बाब ही, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास वाटत होता. वाचून वाचून डोळ्यांना सवय होते आणि तीच सवय ज्ञानासारखी भासते.

म्हणून एक प्रकरण वाचले, की पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिही. पहिल्या दिवशी चारच ओळी आल्या तरी घाबरू नकोस. अडेल तिथे लगेच पान उघडू नकोस, थोडी कळ सोस आणि मग पडताळून पाहा. तोच भाग दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने याच रीतीने आठव. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो आणि एका बैठकीत रेटून केलेल्या उजळणीपेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्यांतून दिसले. परवचा रोज का म्हणायचा, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

आता दुपारी येणाऱ्या थकव्याविषयी. तू रात्री दीडला झोपतेस आणि सहाला उठतेस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळले. तिच्यावर रागावू नकोस. गाढ झोपेत मेंदू दिवसभरात शिकलेले पुन्हा घोळवतो आणि तेव्हाच ते कायमच्या साठ्यात बसू लागते. झोपेचे दोन तास कापून वाचलेली चाळीस पाने ही अशी उधारी आहे, जी दुसऱ्या दिवशी व्याजासह फेडावी लागते. सात तासांहून कमी झोपू नकोस, हे मी वडील म्हणून बजावून सांगतो. रात्री नऊचा चहाही बंद कर. जागेपणी मेंदूत साचत जाणाऱ्या ज्या द्रव्यामुळे झोप येऊ लागते, त्याची जाणीव चहाकॉफीतील कॅफीन अडवून धरते. थकवा जात नाही, नुसता झाकला जातो. आणि प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनीही अंगात असते.

आणखी एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. निवृत्तीच्या तीन वर्षे आधी मला वर्गातील मुलांची नावे आठवेनाशी झाली होती आणि दुपारी फळ्यासमोर उभे राहवत नसे. मी मनातून फार घाबरलो होतो. रक्त तपासल्यावर बी-१२ जीवनसत्त्व खूप कमी निघाले. आपले घर माळकरी आणि हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. दूधदह्यातून मिळते, पण तू तर मेसमध्ये दहीसुद्धा घेत नाहीस. इंजेक्शने घेतल्यावर काही महिन्यांत मी पूर्ववत झालो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, हेही लक्षात घे. तेव्हा या आठवड्यातच हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घे. पैसे पाठवत आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या मात्र सुरू करू नकोस.

संध्याकाळी अर्धा तास पर्वतीच्या बाजूला चालून येत जा, फोन खोलीवर ठेवून. चालताना सकाळी वाचलेले मनात आठवत गेलीस, तर तोही परवचाच होईल.

या रविवारपासून फोनवर मी तुला त्या आठवड्यातला एक प्रश्न विचारणार आहे. पुस्तक जवळ ठेवू नकोस. उत्तर आठवेपर्यंत दोन्हीकडे शांतता राहिली, तर फोन कट झाला असे समजू नकोस. मी थांबलेलो असेन.

तुझे,
बाबा